योग्य वेळेच्या शोधात

मी काही अर्थतज्ज्ञ नाही. देवासच्या एका कारखान्यात नोकरी केलेला साधा पालक आहे. अंकासाठी काहीतरी लिहा, असा आग्रह झाला, म्हणून स्वतःच्याच फजितीची गोष्ट सांगतो.

मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी मी पगारातून थोडेथोडे शेअर्स घेऊन ठेवले होते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१ हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हा घरात माझ्याइतका हुशार कोणी नव्हता! पण ऑक्टोबरअखेर तोच सेन्सेक्स ८ हजारांच्याही खाली जाऊन आला. माझी झोप उडाली. अजून पडणार, असे समजून मी सगळे विकून टाकले. पुढे स्वस्तात परत घेऊ, असा बेत होता.

मग वाट पाहणे सुरू झाले. भाव चढले की वाटे, जरा उतरू देत. उतरले की वाटे, अजून उतरतील. निवडणुकीनंतर पाहू, असे म्हणता म्हणता १६ मे २००९ ला निकाल लागले. सोमवारी, १८ तारखेला, बाजार उघडताच असा उसळला की व्यवहार थांबवावे लागले. दोन तासांनी पुन्हा उघडला आणि लगेच दिवसभरासाठी बंद झाला. एका दिवसात सेन्सेक्स २,११० अंकांनी वर! माझे पैसे बँकेतच राहिले.

पुढच्या वर्षी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागले. नोकरी लागल्यावर ते तिनेच फेडले. तिने कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही, तेच मनाला जास्त लागते.

त्या दिवाळीत धारला मामांकडे गेलो होतो. मामांची सोयाबीनची शेती. सगळे ऐकून ते म्हणाले, "अरे, मंडीतला सर्वांत चढा भाव कोणता, हे तो उतरल्यावरच कळते. म्हणून मी सगळा माल एकदम काढत नाही. देणेकऱ्यांपुरता दिवाळीआधी, थोडा संक्रांतीला, उरलेला पेरणीच्या तोंडावर."

तेव्हा माझी चूक लक्षात आली. मला एकदा नव्हे, दोनदा अचूक ठरायचे होते: विकताना आणि परत घेताना. एकदाही जमले नाही.

त्यानंतर मी दरमहा ठराविक रक्कम गुंतवू लागलो. वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा मात्र बँकेतच मुदत ठेवीत ठेवला. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळला, तेव्हाही हात विकायला शिवशिवले. पण हप्ता चालू ठेवला. जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सने ५० हजार ओलांडले. दर वेळी असेच होईल, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. पण घरखर्चाचा पैसा बाजारात नव्हता, म्हणून मला थांबता आले.

मुलांनो, उद्या तुम्हीही कमवाल. योग्य वेळ हेरण्याच्या नादात माझ्यासारखी वेळ घालवू नका, एवढेच सांगणे.