शुद्ध आणि स्वच्छ

पोलादपूरच्या घरी कोई माशांच्या हौदातील सगळे पाणी मी एकदा एकदम बदलले. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने मासे दगावले. आता आठवड्याला पंचमांशच बदलतो, तेही क्लोरीन घालवून. नितळ पाणी जिवाला मानवतेच असे नाही, हे तेव्हा उमगले.

महाडचे चवदार तळे आठवा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथील पाणी प्याले. पुढे कर्मठांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात बुडवून ते ‘शुद्ध’ केले. अशा द्रव्यांनी पाण्यातील प्राणवायू घटतो, अमोनिया वाढतो. ‘स्वच्छ’ हे पाण्याचे विशेषण होते. ‘शुद्ध’चा रोख माणसांवर होता. शब्दाचा अर्थ कोशात जरूर पाहा. तो कोणाविरुद्ध वापरला गेला, हेही विचारा.