इंजिन बंद करणाऱ्या बापूस

चि. बापूस,
अंमळनेरहून फुईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हं" आणि "बरं" याच्यापुढे सरकत नाहीस, म्हणून हे पत्र. चार लोकांनी वाचलं तरी चालेल अशा बेतानं लिहिते आहे, कारण यातलं बरंचसं चार लोकांच्या उपयोगाचं आहे. जे फक्त तुझं-माझं आहे ते तुझं तुला कळेल.

आधी आभार मानते. भाच्याचे कुणी आभार मानतं का, असं म्हणू नकोस. आमच्यासारख्या खान्देशी बायांना तू एका दिवसात समुद्रही दाखवलास आणि धबधबाही, आणि दोन्ही ठिकाणांहून सगळ्यांना सुखरूप परत आणलंस. ही सोपी गोष्ट नाही, हे मला त्या दिवशी समजलं. भुसावळला मंगला एक्सप्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता कोकणात उतरता येतं, हे तूच सांगितलं होतंस. दादर ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वहिनीनं, म्हणजे तुझ्या आईनं, तुझ्यासाठी बांधलेलं भरीत, सगळं घेऊन आम्ही निघालो. भरीत वाटेतच संपलं, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर आता कळलं.

सहलीचा महिना ठरवताना तू किती हट्ट केलास! आम्हाला श्रावणात यायचं होतं, शेतातली कामं जरा हलकी असतात म्हणून. तू म्हणालास, फुई, श्रावणात आंबोली भरभरून वाहते, पण मालवणच्या होड्या तेव्हा किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या असतात. डिसेंबरात या म्हटलं तर समुद्र शांत होतो, डॉल्फिन दिसायची आशा चांगली, पण आंबोलीचा कातळ तोवर सुकत आलेला. दोन्ही एका दिवशी हवं असेल तर पावसाचा जोर ओसरून समुद्र नुकता उघडलेला असतो तेवढेच थोडे आठवडे. सप्टेंबरची अखेर, ऑक्टोबर. आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे कापसाची वेचणी सुरू होते! तुझा बाप, जिभाऊ, आला नाही तो कापसामुळेच. निदान घरात तरी सगळ्यांना त्यानं तसंच सांगितलं.

मालवणजवळच्या देवबागच्या त्या सकाळी होडीत चढण्याआधी तू प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिलेस. वहिनीचे दोनदा ओढलेस. मग बोलायला लागलास, आणि मी बघतच राहिले. हा आमचा बापू? घरात पाणी मागायलाही तोंड न उघडणारा? कर्ली नदी सह्याद्रीवरून गाळ आणि पालापाचोळा घेऊन येते, तिच्या मुखाशी गोडं पाणी आणि खारं पाणी मिसळतं, तिथं मासळी जमते आणि मासळीमागे डॉल्फिन येतात. या किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हम्पबॅक जातीचे, पाठीवर उंचवटा असलेले. ते सिनेमातल्यासारखे उंच उड्या मारतील म्हणून वाट पाहू नका. आधी पाण्यावर फुत्कारल्यासारखा श्वास ऐकू येईल, मग लांबट तोंड, मग पाठ, आणि संपलं. जगभर त्यांची संख्या घटत चालली आहे, धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्यांचं नाव आहे. आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकत ते गढूळ पाण्यातही वाट आणि मासा शोधतात, म्हणून इंजिनाच्या घरघराटाचा त्यांना त्रास होतो. पिल्लू बरोबर असेल तर जास्तच.

एवढं सांगून तू तांडेलमामांना खूण केलीस आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

पुढचं तू विसरला असशील, मी विसरले नाही. दुसऱ्या होड्या पुढून भरधाव गेल्या. लांबवर पाठी दिसल्या की तिकडे वळायच्या, तिथल्या पाठी पाण्याखाली गेल्या की दुसरीकडे. आपल्या होडीतले जळगावचे काका उठून उभे राहिले. "डॉल्फिन कोठे शे रे भो? पैसे त्यांच्याइतकेच दिले ना आपण? घे ना जवळ!" तू त्यांना आधी खाली बसवलंस. मग म्हणालास, काका, आपण त्यांच्या मागे जायचं नाही, समोरून आडवं जायचं नाही, त्यांना मध्ये घेऊन घेरायचं नाही. ते आले तर पाहू, नाही आले तर समुद्र पाहू. आवाज चढवला नाहीस. नजरही खाली केली नाहीस. मी आयुष्यभर वर्गात उभी राहिले आहे बापू, असं "नाही" म्हणता यायला किती वर्षं लागतात ते मला ठाऊक आहे.

ते आले, पण लांबून. तीन-चार पाठी, एक लहानशी. काका म्हणाले, एवढंच? मला मात्र तो श्वास ऐकू आला होता. पाण्यात राहणारा प्राणी आपल्यासारखाच वर येऊन हवा घेतो, हे मी मुलींना पुस्तकातून शिकवत आले. ते कानांनी ऐकल्यावर अंगावर काटा आला.

वहिनीनं त्या पाठी पाहिल्याच नाहीत. ती होडीच्या कडेवर टेकलेल्या तुझ्या हाताकडे बघत होती. परतताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, हा पोहायला कधी शिकला?" काय सांगणार होते मी? त्या पावसाळ्यानंतर तिनं तुला बोरी नदीच्या काठीसुद्धा फिरकू दिलं नव्हतं. तू त्या कुंडाचं नाव घेत नाहीस, तुझ्या सोबत्याचंही घेत नाहीस. मीही इथं घेत नाही.

दुपारी कुडाळ, सावंतवाडी मागे टाकून आपण आंबोलीचा घाट चढलो. मोठ्या धबधब्यापाशी काय ती गर्दी! कणसं, चहा, गाड्यांतली गाणी, वेफरची पाकिटं आणि त्यांवर टपलेली माकडं. पाणी मात्र सुंदर होतं, अजून अंगात जोर असलेलं. पायऱ्यांवर शेवाळ आहे, याच्या वर कुणी जाणार नाही, असं म्हणून तू हात आडवा धरलास. माकडांना भाकरी टाकणाऱ्या मावशींना थांबवलंस आणि का ते नीट समजावलंस. काही मंडळी फुरंगटली, पण एकही पाय घसरला नाही.

तू तिथंच थांबला असतास तरी आमचे पैसे वसूल झाले होते. पण तू आम्हाला हिरण्यकेशीला नेलंस, आणि तिथं तुझ्या फुईला जे मिळालं ते तुलाही माहीत नसेल. गुहेतून बाहेर येणारं ते थंड पाणी, महादेवाचं देऊळ, आणि त्या कुंडात राहणारा बोटभर मासा. शिस्टुरा हिरण्यकेशी. शास्त्राला तो २०२० साली कळला आणि पुढच्याच वर्षी शासनानं ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. एवढ्याशा माशासाठी! मग तू म्हणालास की हे पाणी पूर्वेला निघालं आहे: घटप्रभा, कृष्णा, बंगालचा उपसागर. आणि सकाळी ज्या समुद्रात आपण होतो तिकडे जाणारं पाणी घाटाच्या पलीकडच्या अंगाला कोसळतं. जलविभाजक मी फळ्यावर खडूनं किती वेळा काढला असेल! एका बाजूला बाण, दुसऱ्या बाजूला बाण. त्यावर उभी मात्र पहिल्यांदा राहिले, निवृत्तीनंतर, आणि तेही तू नेलंस म्हणून. तेव्हा मी काही बोलले नाही. घसा भरून आला होता.

परतीच्या गाडीत डोळे मिटून मी नकाशाच बघत होते. कोकणातलं पाणी कड्यावरून सुटलं की लगेच समुद्राला मिळतं, म्हणून तुला दोन्ही टोकं एका दिवसात दाखवता येतात. आपल्या पाण्याची वाट लांब. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी सातकुंडात वाघूर उडी घेते. तिचंच पाणी पुढे वाघूर धरणात साठून जळगावच्या नळांना येतं, उरलेलं तापीला मिळतं. पाटणादेवीचे केदारकुंड आणि धवलतीर्थ, आडगावच्या मनुदेवीचा सातपुड्यातला धबधबा, सगळ्यांचं पाणी शेवटी तापीचंच. धुळ्याची पांझरा, आपली बोरी, गिरणा, अनेर, या सगळ्या तिच्याच. मुलताईपासून ७२४ किलोमीटर चालून, हतनूर आणि उकाईच्या भिंती ओलांडून ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. तू ज्या समुद्रावर पोट भरतोस तोच अरबी समुद्र. मग आम्ही समुद्रापासून तुटलेले कसे?

आता रागावते. ऐकून घे.

गावात म्हणतात की तू पळून गेलास. मी प्रत्येकाला एकच उत्तर देते. दापोली तालुक्यातल्या पालगडचा एक तरुण १९२४ साली अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवायला आला होता, त्याला कुणी कोकणातून पळालेला म्हणतं का? साने गुरुजी इकडचेच झाले. माणूस दुसऱ्या मुलखाला आपलंसं करतो, यात पळणं कुठं आलं? असं सगळ्यांची तोंडं बंद करते खरी, पण घरी आल्यावर मला प्रश्न पडतोच. दिवाळीला तू येतोस. उन्हाळ्यात, आगीसारख्या झळा लागत असतात तेव्हासुद्धा आठ दिवस येऊन जातोस. पावसाळ्यात तुझ्या होड्या बंद असतात, तुला सुट्टीच सुट्टी असते, आणि नेमका तेव्हा तू येत नाहीस. एकदाही नाही. वहिनी कारण विचारत नाही. जिभाऊ तर तुझ्या धंद्याबद्दल काहीच बोलत नाही. पण टीव्हीवर समुद्र दिसला की आवाज वाढवतो, हे तुला माहीत असू दे.

इकडे पावसाळी रविवारी काय चालतं ते मी बघते. जळगाव-भुसावळकडची, चोपड्याची, चाळीसगावची पोरं मोटरसायकली काढतात. कुंडाकडे पाठ करून कडेवर फोटो काढतात. ओल्या कातळावर चपलांनी चढतात. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं, आधी त्याचा रंग बदलतो, पालापाचोळा वाहत येतो, आणि तेवढ्यात बाहेर पडायचं असतं. हे त्या पोरांना कोण सांगणार? फलक आहेत, पण ते वाचायला कुणी थांबत नाही. पोलीस लावले की पोरं दुसरी वाट शोधतात. त्यांना तिथं कडेला उभा राहून, आवाज न चढवता, नजर खाली न घालता "याच्या पुढे नाही" म्हणणारा माणूस हवा. आणि तेवढंच सांगून न थांबता हे पाणी कुठून येतं, कुठं जातं, त्यात काय जगतं ते दाखवणारा. नुसतं अडवलेलं पोर पुढच्या रविवारी परत येऊन तेच करतं. तू काकांना अडवलंस आणि मग श्वास ऐकवलास. म्हणून तर रत्नागिरी येईपर्यंत काका डब्यातल्या सगळ्यांना कुबड असलेल्या डॉल्फिनची माहिती सांगत होते. तुला हे माहीत नाही, तू स्टेशनवरूनच परत गेलास.

तू पाण्यावर हे काम का निवडलंस, मला विचारायचं नाही. पट्टे दोनदा ओढतोस ते का, तेही नाही. पण हे जे तू शिकलास त्याची खरी गरज जिथून तू निघालास तिथं आहे, एवढं म्हणायचा फुईला हक्क आहे की नाही? देवबागला तुझ्यासारखे आणखी काही जण आहेत. मनुदेवीला कुणी नाही. पाटणादेवीला कुणी नाही. त्या तिसऱ्या जागीही कुणी नाही.

तेव्हा माझं मागणं असं. श्रावणात ये. कायमचा नको, पंधरा दिवस. मी माझ्या जुन्या विद्यार्थिनींशी बोलले आहे, दोघी-तिघी आता स्वतःच शिक्षिका आहेत, त्या आपापल्या वर्गांतली मोठी मुलं घेऊन येतील. वनखात्याकडे परवानगीचा अर्ज मी करते. आधी मनुदेवी, मग सातकुंड. आणि त्या जागी जायचं की नाही, ते तू ठरव. गेलास तर मी बरोबर येईन, वहिनीला आधी सांगणार नाही.

चांगला लांब दोर तिकडचाच आण, इकडे मिळतो तो मला भरवशाचा वाटत नाही. लाइफ जॅकेटं किती लागतील आणि कुठून घ्यायची ते लिहून पाठव, पैशांचं मी बघते. तारीख राखीपौर्णिमेच्या आधीची कळव. जिभाऊला तू स्वतः फोन कर, माझ्याकडून निरोप देऊ नकोस.

तुझी,
फुई