रुईच्या दोघी बहिणी

वैशाखात खानदेशात हिरवं शोधायला निघालात, तर शेवटी रुईपाशीच येऊन थांबाल. कपाशीच्या पळाट्या कधीच चुलीला लागलेल्या, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास. गिरणेच्या कोरड्या वाळूत, पांझरेकाठच्या गोट्यांत, लळिंगच्या मुरमाड उतारावर मात्र ही राखी-हिरवी झुडपं ऐन फुलांत. आखाजीला लेकी माहेरी येऊन झोक्यावर बसतात, तेव्हा रुईवर भुंग्यांची गर्दी असते.

पण कोणती रुई? शनिवारी मारुतीला हार करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. पान धड असलं की झालं. ज्यांना पडतो, ते रंगावर जातात. जांभळी ती रुई, पांढरा तो मंदार. ही वाटणी जुनी आहे. निघंटूंनीही अर्काचे तांबडा आणि पांढरा असेच दोन भेद सांगितले. मला ती मान्य नाही. या कुळात रंग फितूर आहे. मोठी रुई, म्हणजे कॅलोट्रोपिस जायगँटिया, फिकट जांभळी फुलते तशी निखळ पांढरीही फुलते, जात एकच. लहान रुई, म्हणजे कॅलोट्रोपिस प्रोसेरा, हिच्या पाकळ्या मुळात पांढुरक्या, टोकं तेवढी गडद जांभळी. लांबून बघणारा तिला खुशाल जांभळ्यांत ढकलतो.

म्हणून रंग सोडा, कळी बघा. लहान रुईची कळी गोल, मोठीची लांबट आणि पाच कडांची. उमलल्यावर तर दोघींचा स्वभावच निराळा दिसतो. लहानीच्या पाकळ्या उभ्या राहतात, फुलाची वाटी होते, जवळ गेलं तर मंद वासही येतो. मोठीच्या पाकळ्या आडव्या पसरतात, मग मागे मुरडतात आणि मधला मुकुट एकटा उभा राहतो. फूलही मोठीचं मोठं. थिओडोर कुकने 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात या दोघी वेगळ्याच नोंदल्या आहेत. ग्रंथ नसला तरी अडत नाही, एक कळी पुरते.

लहान रुई कोरड्या मुलखाची. आफ्रिकेच्या वाळवंटापासून अरबस्तान, सिंध, राजस्थान असा तिचा पसारा. मोठीचा गोतावळा दक्षिणेला आणि पूर्वेला, थेट मलायापर्यंत. खानदेशात दोघींचे मुलूख एकमेकांत शिरतात, म्हणून इथे एकाच बांधावर दोघी भेटल्या तर नवल नाही.

किड्यांना हा भेद ठाऊक असावा असं वाटत नाही. बिबळ्या कडवा फुलपाखरू दोघींच्याही पानांवर अंडी घालतं. त्याच्या पट्टेदार अळ्या विषारी चीक पचवून बसतात आणि पुढे त्याच विषाच्या जोरावर पक्ष्यांपासून वाचतात. निळा-पिवळा रंगीत टोळ पानांची चाळण करतो. काळा भुंगा मात्र फुलाच्या खऱ्या कामाचा. रुईचे पराग सुटे उडत नाहीत, त्यांच्या जोड-पिशव्या असतात. मुकुटाच्या फटीत भुंग्याचा पाय अडकतो, तो जोरानं ओढतो आणि पायाला पिशवी लटकवून पुढच्या फुलाकडे जातो. लहानसहान माशीच्या अंगात एवढा जोर नसतो. तिचा पाय फटीत अडकून राहतो, कधी जीवही जातो. एवढ्या खटाटोपातून एखाददुसरं फळ धरतं, तडकतं, आणि पोरं ज्यांच्यामागे धावतात त्या रेशमी म्हाताऱ्या वाऱ्यावर सुटतात.

रंगावरून ओळखण्याचा तोटा झाडालाच होतो. पांढऱ्या मंदाराच्या मुळात गणपती सापडतो, या समजुतीपायी चांगली वाढलेली झुडपं मुळासकट खणली जातात. पांढरा मंदार ही मोठ्या रुईचीच एक छटा, हे कळलं तर निदान काही झुडपं तरी वाचतील. गणपती हवाच असेल तर तो शाडूचा आणावा.

आणि एक. कळी निरखायला ती तोडावी लागत नाही. हारासाठी पानं तोडाल तेव्हा मात्र तो हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. दोघींचाही चीक बुबुळाला सारखीच इजा करतो.