पाडव्याला मतदारयादी

आमच्या बालाघाटात सालगड्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते. त्या दिवशी धनी आणि गडी समोरासमोर बसून नव्या सालाची बोली करतात. २०१२ च्या पाडव्याला गुढीची काठी धुऊन ठेवीत असताना मला ही रीत आठवली. कारण दीड महिन्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत माझा पराभव झाला होता, आणि ज्या धन्यांपुढे बसून मी हिशेब द्यावा, त्यांतील कित्येकजण मतदानाच्या दिवशी गावातच नव्हते.

उमेदवारी ही एक विद्या आहे आणि तिचा मूळ ग्रंथ मतदारयादी, अशी माझी दृढ धारणा आहे. अर्ज, अनामत, छाननी, माघार हे सोपस्कार कचेरीतला कोणताही कारकून समजावून देतो. यादी मात्र ज्याची त्यालाच वाचावी लागते. कोण वारले, कोण सासरी गेली, विभक्त झालेल्या भावांचे उंबरे कोठे हलले, हे सारे मला मुखोद्गत होते. परंतु प्रचारासाठी वस्त्यांवर गेलो, तो दारांना कुलपे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल फिटेपर्यंत परत येण्याची मुभा नाही. मतदान ७ फेब्रुवारीला, म्हणजे गळिताच्या ऐन हंगामात. तेव्हा मी मुकादमांना गाठून या मंडळींना एका दिवसाची रजा द्यावी अशी रदबदली केली. माणसाचे मत मी त्याच्या मुकादमाकडे मागितले, ही लाज मला मतमोजणीच्या आधीपासूनच छळीत होती, आणि निकालापेक्षा तीच अधिक काळ टिकली.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख दिली होती. आज आमच्या यादीत बाईचे नाव आहे, पण हंगाम सुरू झाला की ते ‘कोयता’ या एका शब्दात पुन्हा बुडून जाते.

पाडव्याला कडुनिंबाचे पान तोंडात असताना मी निश्चय केला की, पुढच्या हंगामात निवडणूक असो वा नसो, कारखान्यांच्या आवारातील कोप्यांवर स्वतः जायचे. आणि जे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत नाही, त्याचे वचन कोणालाही द्यायचे नाही. तोडणीचा दर तेथे ठरत नाही. परंतु गावोगावच्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या आहेत, आणि आईबाप हंगामावर असताना मूल गावात राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृह चालविता येते. ते गाड्या भरण्यापूर्वी उघडले तरच मूल मागे राहते. मंजुरी मार्गशीर्षात आली, तर तोवर ते पोर फडात वाढ्याच्या मोळ्या बांधू लागलेले असते. यासाठी सदस्यत्व लागत नाही; श्रावणात केलेला अर्ज आणि त्याचा नेटाचा पाठपुरावा लागतो, आणि पराभूत माणसाला तेवढी सवड असते.

दुपारी यादी आणि एक कोरी वही घेऊन वस्तीवर गेलो. काही कुलपे उघडली होती, काही अद्याप तशीच होती. एका घरी बाई चूल सारवीत होती. “मतदान तर होऊन गेलं, भाऊ. आता काय काढलंत?” तिने विचारले. मी मुलीच्या शाळेची चौकशी केली, इयत्ता लिहून घेतली आणि पालक म्हणून कोणाचे नाव घालू ते विचारले.

“त्यांचंच लिहा की.”

“त्यांचं लिहितो, ताई, खाली तुमचंही लिहितो.”

ती जराशी थांबली, सारवणाचे हात धुऊन उंबऱ्यापाशी आली, स्वतःचे नाव सांगितले, आणि ते बरोबर लिहिले की नाही हे वाचून पाहण्यासाठी तिने मुलीला माझ्या वहीपाशी पाठविले.