बाहुलीघर : संग्रह, प्रमाण आणि मांडणी

बाहुलीघर म्हणजे खऱ्या घराची ठरावीक प्रमाणात लहान केलेली आणि आतले दिसावे म्हणून एक बाजू उघडी ठेवलेली प्रतिकृती. मोठ्या वयात अशी घरे जमवणे, बांधणे आणि सजवणे हा जगभर जोपासला जाणारा छंद आहे. महाराष्ट्रात त्याला सर्वांत जवळची परंपरा भातुकलीची. पुढील विवेचन पालघर जिल्ह्यातील उमरोळी येथे एका सदनिकेत जमवलेल्या भातुकलीवर आणि त्याच सदनिकेत बांधलेल्या एका कौलारू बाहुलीघरावर आधारलेले आहे. दोन्ही प्रस्तुत लेखिकेची आहेत. वस्तू मिळवण्याचा आनंद थोड्या वेळाचा असतो. प्रत्येक वस्तूला तिचे माप आणि तिची जागा शोधून देण्याचा आनंद बराच काळ पुरतो, असे या अनुभवातून दिसून येते.

हा छंद पोरकटपणाचा समजला जातो. त्याचा इतिहास मात्र मोठ्यांपासूनच सुरू होतो. नोंद असलेले सर्वांत जुने बाहुलीघर बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने 1557-58 च्या सुमारास करवून घेतले. ते खेळण्यासाठी नव्हते, ऐश्वर्य दाखवण्यासाठी होते. पुढे ते आगीत नष्ट झाले. सतराव्या शतकात अ‍ॅम्स्टरडॅममधील पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत स्त्रीने कपाटाच्या आकाराचे घर सजवले आणि त्यातल्या वस्तू त्या त्या व्यवसायातील कारागिरांकडून करवून घेतल्या. ते आज तिथल्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. इंग्लंडची राणी मेरी हिच्यासाठी 1921 ते 1924 या काळात केलेले घर विंडसर किल्ल्यात पाहायला मिळते. त्याचा आराखडा एडविन लट्यन्सचा; याच काळात नवी दिल्लीच्या इमारतींचे कामही तो पाहत होता. या घरात नळाला पाणी येते, दिवे लागतात आणि ग्रंथालयातील चिमुकल्या पुस्तकांसाठी आर्थर कॉनन डॉयलसारख्या लेखकांनी मजकूर लिहून दिला होता. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील 68 थॉर्न दालने हे याच कलेचे पुढचे रूप आहे.

महाराष्ट्रात बाहुलीचे वेगळे घर फारसे नव्हते; घरातलाच एक कोपरा तेवढ्यापुरता तिचा होई. बाहुला-बाहुलीचे लग्न, लुटुपुटूचा स्वयंपाक आणि त्यासाठी लागणारी भांडी एवढा हा संसार. भांडी मात्र नामी असत. तांब्या-पितळेची ओतीव किंवा घडीव, लाखेच्या रंगाची लाकडी, दगडी आणि मातीची अशा प्रकारांत बंब, घंगाळ, हंडा, कळशी, चूल, शेगडी, जाते, पाटा-वरवंटा, विळी, पोळपाट-लाटणे, पळी, झारा असा सगळा सरंजाम मिळे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत तो अजूनही होतो. पुण्याचे विलास करंदीकर यांनी पारंपरिक भातुकलीचा मोठा संग्रह करून त्याची प्रदर्शने भरवली आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातील दिवे, अडकित्ते, भांडी अशा वस्तू आहेत. त्या पूर्ण आकाराच्या असल्याने लहान प्रतिकृती करणाऱ्याला मूळ घडण तिथे नीट पाहता येते. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात विविध व्यवसायांतील माणसांच्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. पागोट्याचे पीळ किंवा बसण्याची ढब कमीत कमी मातीत कशी दाखवावी, हे तिथे शिकायला मिळते.

उमरोळी हे पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मधले लहान स्थानक. 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून मुंबईचे बाजार एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आले. नवी पितळी भातुकली भुलेश्वर भागात मिळते. पायधुनीच्या तांबा काट्यावर भांड्यांची दुकाने आहेत, तर चोर बाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगातून एखादा तुकडा हाती लागतो. पुण्याच्या तांबट आळीत मठाराचे काम, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके देऊन घडवलेले तांबे, अजूनही होते. जुनी भातुकली बहुधा ओळखीपाळखीतून येते. माळा आवरताना, घर मोडताना किंवा आजीचा पेटारा उघडल्यावर ती सापडते, आणि घरात लहान मूल नसेल तर देणाऱ्यालाही ती योग्य हाती गेल्याचे समाधान मिळते. खरेदीत ओतीव आणि पत्र्याच्या वस्तूंतला फरक पाहावा लागतो. ओतीव भांडे हातात जड लागते आणि त्याचा काठ जाड असतो. पत्र्याच्या भांड्याला डाग दिल्याची रेघ दिसते. जुन्या भांड्याच्या बुडावर मूळ कल्हई शिल्लक असेल तर ते घासून लख्ख न केलेलेच बरे.

भातुकली जमवणाऱ्याने बाहुलीघर बांधायला घेतले की पहिला प्रश्न प्रमाणाचा येतो. बाहुलीघरांत सर्वाधिक रूढ प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे फुटाचा इंच. याच्या निम्मे, एकास चोवीस, हे प्रमाणही वापरतात. आपल्याकडचे सुतार आजही फूट, इंच आणि सुतात मोजतात, त्यामुळे एकास बारा हे प्रमाण अंगवळणी पडायला सोपे जाते. सहा फुटी दार सहा इंचांचे होते, आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत असल्याने खऱ्या घरातला दीड इंच इथे बरोबर एक सूत भरतो. भातुकली मात्र प्रमाणात घडवलेली नसते. ती मुलीच्या हाताच्या मापाने घडवलेली असते. चार इंच व्यासाचे दगडी जाते एकास बाराच्या घरात ठेवले तर ते चार फूट व्यासाचे ठरते आणि माजघरातील बाईला ते ओढायला बैल लागतील. त्याच संचातला दीड इंची हंडा मात्र खऱ्या अठरा इंची हंड्याच्या मापात चपखल बसतो. म्हणून उमरोळीच्या संग्रहाचे दोन भाग केले आहेत. मोठ्या वस्तू काचेच्या कपाटात स्वतंत्र मांडल्या आहेत आणि प्रमाणात बसणाऱ्या तेवढ्याच घरात गेल्या आहेत. बाजारात जाताना पर्समध्ये सहा इंची पट्टी ठेवली की निवड झटपट होते.

घराचा नमुना किनारपट्टीवरील बागायती गावांत दिसणाऱ्या कौलारू घराचा आहे. पुढे ओटी, मध्ये माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी मागील पडवी अशी रांग आहे. एक लांब भिंत पूर्ण काढून घेतल्याने चारही भाग एकदम दिसतात. सांगाडा मरीन प्लायचा आहे, कारण एमडीएफ पावसाळ्यात फुगतो. वासे आणि आढे सागाच्या छाटांतून काढले आहेत. पडवीची भिंत कुडाची आहे. खऱ्या कुडात कारवीच्या काठ्या बांधून त्यावर शेणमाती लिंपतात. इथे कारवीऐवजी खराट्याचे हीर उभे लावून दोऱ्याने बांधले आहेत. लिंपण हा कामातला सर्वांत शिकवणारा भाग. माती वाळताना आकसते आणि तडकते. खऱ्या भिंतीवरची केसभर भेग कुणाच्या लक्षात येत नाही, पण तीच भेग इथे बारा पट मोठी भासते आणि भूकंप होऊन गेल्यासारखे दिसते. त्यासाठी माती मलमलीतून गाळून, त्यात कागदाचा लगदा आणि थोडे फेव्हिकॉल मिसळून पातळ थर एकावर एक द्यावे लागतात. शेणातील तंतूंचे काम लगदा करतो.

छपरासाठी दोन पर्याय होते. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर सपाट, खाचांची मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्यापूर्वी कुंभाराने घडवलेली नळीची कौले होती. मंगलोरी कौलाच्या खाचा लहान मापात हाताने काढणे अवघड असल्याने येथे नळीची कौले निवडली. हवेत वाळणाऱ्या मातीत गेरू मिसळून तिची पातळ चकती पेन्सिलीवर गुंडाळायची, उभी चिरून दोन अर्ध्या नळ्या करायच्या आणि वाळू द्यायच्या. खरे कौल वीतभर धरले तर हे पाऊण इंचाचे होते. एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी, या क्रमाने वळचणीकडून आढ्याकडे शाकारत जातात. कौले मुद्दाम एका रंगाची केलेली नाहीत. थोडी गडद आणि थोडी फिकी मिसळल्याने छप्पर दरवर्षी थोडे थोडे परतल्यासारखे वाटते.

सजावटीत मोह आवरणे हा महत्त्वाचा भाग आहे. पालघर म्हटले की भिंतीवर वारली चित्र काढावेसे वाटते. परंतु गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जाणारा लग्नाचा चौक वारली घरातला आणि लग्नप्रसंगाचा आहे. किनाऱ्यावरच्या बागायतदाराच्या माजघरात तो शोभेसाठी काढला तर घर खोटे वाटू लागते. म्हणून इथे भिंती चुन्याच्या पांढऱ्या ठेवल्या आहेत आणि खाली गेरूचा पट्टा दिला आहे. दुसरा एक स्थानिक हुन्नर मात्र बिनदिक्कत वापरला आहे. बोईसर, तारापूर, चिंचणी परिसरातील गावांत दागिन्यांचे साचे कोरण्याचा, म्हणजे डायमेकिंगचा, घरगुती व्यवसाय आहे. अशा साच्यावर दाबून काढलेली पितळी पत्र्याची बारीक फुले मुख्य दाराच्या फळ्यांवर बसवली आहेत. कर्णफुलासाठी कोरलेली नक्षी दारावर बरोबर प्रमाणात येते.

स्वयंपाकघर सर्वांत जास्त वेळ घेते. चूल मातीची आहे आणि तिला जोडून वैल आहे. चुलीमागच्या भिंतीवरची काजळी रंगाची नाही. समईच्या ज्योतीवर वाटी धरून जमवलेली खरी काजळी कुंचल्याने वर चढत जाणाऱ्या पट्ट्यात लावली आहे. धान्याचाही हिशेब असतो. मोहरीचा दाणा बारा पट केला तर सुपारीएवढा होतो, खसखस हरभऱ्याएवढी, आणि तांदूळ म्हणून बारीक रवाच चालतो. खरे धान्य ठेवले की मुंग्या येतात, म्हणून सुपातले तांदूळ वाळूचे आहेत. वस्तूंच्या जागांसाठी जुन्या जाणत्या बायकांना विचारण्याला पर्याय नाही. शिंकाळे कुठे टांगायचे, या प्रश्नावर शेजारच्या आजी म्हणाल्या, “भिंतीपासनं हातभर लांब टांग गो, नाहीतर मांजराला शिडीच लावून दिलीस की!” हातभर म्हणजे इथे दीड इंच. रवीची दोरी कोणत्या खांबाला, पाण्याची उतरंड दारातून शिरताना कोणत्या हाताला, विळी वापरून झाल्यावर आडवी का ठेवायची, अशा प्रश्नांची उत्तरे पुस्तकात क्वचितच मिळतात. लहान घर मांडताना मोठ्या घरातल्या कामाची सगळी रीत समजत जाते, आणि प्रौढ वयात या छंदाला येणारी गोडी मुख्यतः याच समजुतीची असते.

कापड आणि प्रकाश या दोन गोष्टी प्रमाणाला सहज दाद देत नाहीत. कापड लहान कापले तरी त्याचा धागा लहान होत नाही. साधे सुती कापड पुठ्ठ्यासारखे ताठ उभे राहते. दांडीवरच्या लुगड्यासाठी जुन्या, विरलेल्या रेशमी पातळाचा तुकडा पाण्यात भिजवून, टाचण्यांनी चुण्या धरून वाळवावा लागतो. काठ बारीक असलेलेच पातळ चालते. प्रकाशासाठी पिवळसर छटेचे बारीक एलईडी दिवे कंदिलात आणि देव्हाऱ्यात बसवले आहेत. प्रत्येक खोलीत दिवा लावला तर दुकानाची दर्शनी काच वाटते. कंदिलाच्या काळातल्या घरात अंधाराचे कोपरे असायलाच हवेत. बाहुल्या ठेवायच्या की नाही याबद्दल छंदिष्टांत दोन मते आहेत. उमरोळीच्या घरात त्या ठेवलेल्या नाहीत. अर्धवट निवडलेली भाजी आणि दाराशी काढलेल्या वहाणा यांतून माणसे आत्ताच उठून गेल्याचे कळते, आणि पाहणारा त्या जागी आपली माणसे कल्पू शकतो.

देखभालीत पावसाळा ही मुख्य कसोटी. जून ते सप्टेंबर या भागातील हवा सतत दमट असते. मातीच्या भिंतींवर बुरशी धरते, पितळ काळवंडते, लाकडाला भुंगा लागतो. घर काचेच्या पेटीत ठेवून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या ओलावल्या की बदलाव्यात आणि उघडीप मिळेल तेव्हा पेटी उघडून हवा द्यावी. पितळ चिंचेने उजळते, पण प्रत्येक घासणीत नक्षीची धार थोडी बोथट होते. त्यामुळे वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, तेवढे पुरे. रोजची धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. ओले फडके मातीला लावू नये.

संग्रहाची नोंदवही असणे आवश्यक आहे. वस्तूचे नाव, धातू, माप, कुठून आली, कोणी दिली आणि तिचा मूळ उपयोग कोणता, एवढे प्रत्येकीपुढे लिहावे. देणाऱ्या बाईने सांगितलेली हकीकतही तिथेच टिपून ठेवावी, कारण कालांतराने वस्तू उरते आणि हकीकत हरवते. उमरोळीत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरासीशेजारी हे घर मांडले जाते. मुलांना हात लावू द्यायचा की नाही, हा प्रश्न दोन संग्रहांमुळे आपोआप सुटतो. घर काचेतून पाहायचे असते, आणि प्रमाणात न बसलेली मोठी भातुकली चटईवर खेळायला दिली जाते. ती मुळात त्याच मापाने घडवलेली आहे.