रताळ्याचे माधुर्य आणि मंद आच

मौजे केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना
माघ वद्य दशमी

चि. सौ. ताईस,

तुझे पत्र पोहोचले. मंडईतून हौसेने आणलेली रताळी कुकरमध्ये शिट्ट्या देऊन उकडली, ती मऊ झाली परंतु पाणचट लागली, आणि अखेर वरून साखर पेरून एकादशी साजरी करावी लागली, ही तुझी फिर्याद मी लक्षपूर्वक वाचली; मात्र पुण्याकडची रताळीच बेचव, हा जो निकाल तू त्यावरून दिला आहेस, तो मला मान्य नाही. रताळे आपले सगळे माधुर्य शेतातून घेऊन येत नाही. त्याचा बराच भाग चुलीवर निर्माण व्हावा लागतो. कंदातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करणारे एक द्रव्य कंदातच असते व ते साधारणतः ६० ते ७५ अंश सेल्सिअस उष्णतेत आपले काम जोमाने करते. पाणी उकळण्याच्या बरेच आधी ते निकामी होऊन जाते. कुकरची कोंडलेली वाफ काय किंवा तुझ्याकडचा मायक्रोवेव्ह काय, ही मधली मजल इतक्या झपाट्याने ओलांडतात की त्या बिचाऱ्या द्रव्यास अवसरच मिळत नाही. मंद आचेवर मात्र उष्णता सालीपासून गाभ्यापर्यंत हळूहळू सरकते, आणि तेच रताळे मधासारखे गोड होऊन सालीतून चिकट पाक गाळू लागते.

आपल्याकडे हे शास्त्र कोणी सांगत बसले नाही, परंतु शिरस्ता नेमका त्यास धरूनच पडला. सकाळच्या भाकरी उरकल्या, जाळ विझून नुसता आर उरला, की चुलीतल्या गरम राखेत रताळी पुरून ठेवावयाची आणि दुसऱ्या कामास लागावयाचे. पौषात शेतावर हुरड्याची आगटी पेटते, तेव्हा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसांचा हुरडा होऊन गेल्यावर त्याच आगटीच्या कडेला चार रताळी सारून द्यावीत. तिळाची चटणी नि हुरडा खाऊन माणसे गप्पांत रंगेपर्यंत ती आतून मऊसूत होतात. वरची जळकी साल सोलली की आतून जी वाफ निघते, तिच्या गंधापुढे मला कोणतेही पक्वान्न फिके वाटते, हे मी वयाच्या या टप्प्यावर पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

तुझ्या फ्लॅटात चूल नाही, हे मी जाणून आहे. त्यासाठी जाड बुडाची लोखंडी कढई घे. रताळी धुऊन अगदी कोरडी पूस, सालीसकट कढईत एका थराने मांड, घट्ट झाकण ठेव आणि गॅस जितका बारीक होईल तितका करून पाऊण ते एक तास, मधूनमधून कुशी बदलत, ठेवून दे. पाण्याचा थेंबही घालू नकोस. सुरी लोण्यात जावी तशी आत शिरली की उतरव. अशी गरम रताळी कुस्करून, वर साजूक तूप नि चिमूटभर मीठ घालून खा, अथवा रात्री कोमट दुधात कालवून घे; साखरेची याद येणार नाही.

निवड करताना मध्यम जाडीची, सरळ, हातास जड लागणारी रताळी घ्यावीत. आपल्या शिवारातली काळी, भारी जमीन कापसास व ज्वारीस उत्तम. रताळ्यास मात्र हलकी, वाळूमिश्रित, निचऱ्याची जमीन मानवते, कारण चिकण मातीत कंद वेडावाकडा होतो व खणताना दुखावतो. ज्याच्या सालीवर बारीक छिद्रे दिसतील ते सोंड्या भुंग्याने पोखरलेले समजावे. त्याची कडवट चव कितीही शिजविले तरी जात नाही, आणि किडका भाग कापून उरलेले वापरण्याची काटकसरही येथे करू नये. चिरताना पांढरा चीक हातास चिकटतो, म्हणून बोटांना तेल लावावे, आणि फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लागलीच पाण्यात टाकाव्यात.

कीस तुझ्या आईच्या हातचा तू खाल्ला आहेस, पण करताना बघितला नसावास. साल काढून किसलेले रताळे पाण्यातून काढून हलक्या हाताने पिळावे. तुपात जिरे तडतडले, हिरव्या मिरचीचे तुकडे परतले, की कीस टाकून झाकण ठेवावे व वाफ आल्यावर एक-दोनदाच, तेही उलथन्याने खालून वर, हलवावे. सारखे ढवळत राहणाऱ्या सुनेच्या किसाचा गोळा होतो. मीठ, दाण्याचे कूट आणि लिंबू अगदी शेवटी घालावे. गोड काचऱ्यांचा नियम याहून कडक आहे: तुपात परतलेल्या चकत्या झाकणाच्या वाफेवर पूर्ण शिजल्याखेरीज गूळ घालू नये, कारण आधी गूळ पडला तर फोडी आवळतात आणि मग त्या मऊ होत नाहीत. अर्धा किलो रताळ्यास अर्धी वाटी गूळ पुष्कळ झाला. वेलदोडा मात्र हात राखून घालू नये. घाऱ्यांना कुस्करलेल्या रताळ्यात मावेल तेवढीच कणीक, उपासास राजगिऱ्याचे पीठ, पाणी नको.

परंतु उपासापुरतेच रताळे, ही जी पद्धत आपण पाडून घेतली आहे, तिजबद्दल मला खरोखर खेद वाटतो. हा कंद मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ नंतर तो समुद्रमार्गे जगभर पसरला, आणि आपल्या देशी आल्यावर कंदमूळ म्हणून त्यास फराळाच्या पानावर मुभा मिळाली. बटाट्याने मात्र उपासाबरोबर रोजचे जेवणही काबीज केले, रताळे आषाढी आणि शिवरात्रीच्या दाराशीच अडून राहिले. जपानात १७३२ च्या दुष्काळानंतर आओकी कोन्यो नावाच्या विद्वानाने सरकारी आश्रयाने १७३५ साली त्याची लागवड करून पाहिली व पुढे या कंदाने असंख्य माणसे जगविली. ज्या मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ सोसला, त्यातल्या घरांना या कंदाची किंमत निराळी सांगावी लागू नये. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ नावाचा नारिंगी गराचा वाण काढला आहे. अशा गरात अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य विपुल असते. ते अंगी लागण्यास थोडे तूप सोबत हवे. नारिंगी रताळे आफ्रिकेतल्या मुलांच्या ताटात पोहोचविणाऱ्या संशोधकांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तुझ्या धाकट्यास आठवड्यातून दोनदा शाळेच्या डब्यात भाजके रताळे देण्याची तजवीज तू करावीस, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

शिवरात्र चार दिवसांवर आली. परवा तुझा मामेभाऊ भोकरदनहून पुण्यास निघत आहे, त्याच्याबरोबर तांबड्या सालीची रताळी पाठवीत आहे. ती पोहोचताच धुऊ नकोस आणि फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नकोस, थंडीने गाभा दगडासारखा राहतो व मग शिजता शिजत नाही. टोपलीत वर्तमानपत्र अंथरून, हवेशीर व अंधाऱ्या कोपऱ्यात ठेव. चारसहा दिवस तशी राहिली तर अधिकच गोड होतील, तेव्हा शिवरात्रीस निम्मीच काढ.

सर्वांस यथायोग्य सांगणे. कळावे, हे आशीर्वाद.

तुझी,
मावशी