नुसता चहाच तर घेतलाय

मराठीत जेवण आपण जेवतो, फराळ करतो आणि चहा मात्र ‘घेतो’. “सकाळपासून पोटात काही नाही, नुसता चहा घेतलाय” हे वाक्य माझ्याही तोंडी इतकं बसलेलं आहे की त्यात काही चुकतंय असं बोलताना जाणवत नाही. एकादशीला भात चालत नाही, पोळी चालत नाही. चहा चालतो, दूध-साखर घालून चालतो आणि कितीही वेळा चालतो. निर्जळी करणारे सोडले, तर उपवास मोडल्याचं त्यात कुणालाच वाटत नाही. चावलं ते अन्न आणि प्यायलं ते नुसतं पेय, अशी वाटणी आपण भाषेतच करून ठेवली आहे. वजन उतरवायच्या खटपटीत ही वाटणी फार महागात पडते, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. पोळ्या चारावरून दोनवर येतात, रात्रीचा भात बंद होतो, तूप कपाटात मागे सरकतं. पण दिवसभरात किती कप झाले, हे कुणी मोजत नाही. माझं म्हणणं असं की वजनाचा विचार करणाऱ्याने सुरुवातच तिथून करावी. एखादं पेय चरबी जाळतं म्हणून नव्हे, तर पेयातली साखर काढली की तिच्या जागी भूक उभी राहत नाही म्हणून.

आधी चहाचाच हिशोब मांडते, कारण महाराष्ट्रात कोल्ड्रिंकपेक्षा चहा जास्त घरांत आणि जास्त वेळा पोचतो. एक चमचा साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम, आणि १ ग्रॅम साखरेच्या ४ कॅलरी. कपाला दोन चमचे धरले, तर पाच कपांत ५० ग्रॅम साखर होते, म्हणजे २०० कॅलरी. त्यात म्हशीचं दूध, ज्याच्या १०० मिलीमध्ये १०० च्या आसपास कॅलरी असतात. कपाला अर्धी वाटी घातलं तर आकडा सहज दुपटीपलीकडे जातो. हे झालं घरचं, चमच्याने मोजलेलं. ऑफिसखालच्या टपरीवर चमचा नसतोच. तिथे उकळत्या पातेल्यात डब्यातून साखर सरळ ओतली जाते, वरून आलं ठेचून पडतं, आणि आल्याच्या तिखटपणात गोडी किती आहे हे जिभेला नीट कळत नाही. चहा कटिंग असला तरी तो दोनदा घेतला जातो. रोजच्या ५० ग्रॅमची वर्षाची बेरीज १८ किलोवर जाते. किराणा भरताना एका माणसापुढे १८ किलो साखरेची पिशवी ठेवली तर तो दचकेल. कपाकपाने आली की तीच साखर बिनबोभाट आत जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, आणि मध, सरबतं व फळांच्या रसातली साखरही, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी, आणि पाच टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅमवर, आणता आली तर आणखी चांगलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारसूत्रांत हीच पाच टक्क्यांची रेघ ओढली आहे. म्हणजे पाच कप चहा पिणारा माणूस लाडू-पेढ्याला हात न लावताही त्या रेघेच्या दुप्पट गेलेला असतो.

पण कॅलरी ती कॅलरीच, चहातून कमी करा नाहीतर पोळीतून, फरक काय, असं कुणी विचारेल. फरक आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्याच्यावरच उभा आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या चघळायच्या गोळ्या दिल्या, आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचं गोड पेय दिलं. गोळ्या खाल्ल्या तेव्हा माणसं आपोआप बाकीचं जेवण तेवढं कमी जेवली. पेय घेतलं तेव्हा जेवण कमी झालं नाही आणि वजन वाढलं. प्रयोग लहान होता, हे खरं. पण त्याआधी १९७७ साली लॅन्सेटमध्ये सफरचंदांवरचा एक प्रयोग आला होता, त्याचंही बोट इकडेच आहे. अख्खं सफरचंद, त्याचा गर आणि त्याचा रस यांपैकी रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने पिऊन झाला, आणि पोट भरल्याचं समाधान त्यातच सर्वांत कमी मिळालं.

आपल्याला यासाठी सफरचंदापर्यंत जायचीही गरज नाही. संक्रांतीच्या वाणातलं उसाचं करवं दातांनी सोलून, चावून, चोथा थुंकत खायला किती वेळ लागतो ते आठवून पाहा. एका कांडीत जबडा दुखायला लागतो आणि दुसरी नकोशी होते. रसवंतीवर तीन-चार कांड्या घुंगरांच्या आवाजात चरकातून जातात, चिपाड दुमडून त्यात लिंबू आणि आलं घालून पुन्हा जातं, आणि खाली भांड्यात फेसाळ हिरवट रस जमतो. ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो आणि “अजून अर्धा” हे शब्द आपोआप येतात. बर्फ वगळला तरी त्या ग्लासात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. ऊस तोच, गोडी तीच. चावण्याचं काम चरकाने केलं आणि पुरे म्हणायची वेळ पोटापासून हिरावून घेतली. उन्हाळ्यात एसटी स्टँडबाहेरचा तो ग्लास मलाही मनापासून आवडतो. एप्रिलच्या एखाद्या दुपारी तो जरूर घ्यावा, पण तहान लागली म्हणून रोज नको. तहानेचं काम पाण्याचं आहे.

नैसर्गिक आहे, गुळाचं आहे, मधाचं आहे, हा आक्षेप इथे हमखास येतो, आणि गेल्या काही वर्षांत गुळाच्या चहाच्या पाट्या गावोगाव लागल्यापासून तो जास्तच ऐकू येतो. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात, गुळात त्याहून जेमतेम थोड्या कमी. गुळात लोह असतं हे खरं; पण चमचाभर गुळात ते थोडं, आणि चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही, म्हणूनच पोषण संस्था जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळायला सांगते. चव आवडते म्हणून गूळ घालावा. वजनासाठी घालत असाल तर ती फसवणूक आहे. सकाळच्या कोमट पाण्यातल्या लिंबू-मधाचंही तसंच. ते चहाऐवजी घेतलं आणि त्याने दोन कप टळले तर उपयोग आहे. चहाच्या आधी घेतलं तर साखरेचा आणखी एक चमचा वाढला, इतकंच. जिऱ्याचं पाणी, ग्रीन टी यांच्याबद्दलही माझी हीच कसोटी आहे: ते काय जाळतं हे विचारू नये, ते कशाच्या जागी आलं हे विचारावं.

एक आक्षेप मात्र भक्कम आहे आणि तो टाळून चालणार नाही. २०१२ साली अमेरिकेत ३१८ लठ्ठ माणसांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला. काहींना गोड पेयांऐवजी पाणी, काहींना बिनसाखरेची पेयं दिली, आणि उरलेल्यांना फक्त सर्वसाधारण सल्ला. पेय बदलणाऱ्यांचं वजन सरासरी दोन ते अडीच टक्के उतरलं, पण सल्ला मिळालेल्यांचंही जवळपास तितकंच उतरलं. म्हणजे पेय बदललं की काम झालं, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. तरी त्याच प्रयोगात पाच टक्के वजन उतरवण्याची शक्यता पेय बदललेल्यांत दुप्पट होती. मुलांच्या बाबतीत पुरावा आणखी स्पष्ट आहे. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांना दीड वर्ष रोज एक २५० मिलीचा डबा दिला, निम्म्यांना साखरेचा आणि निम्म्यांना तसाच दिसणारा बिनसाखरेचा. कोणाकडे कुठला हे त्यांना माहीत नव्हतं. वाढत्या वयात सगळ्यांचंच वजन वाढलं, पण साखरवाल्या गटाचं सरासरी एक किलो जास्त. रोजच्या एका डब्यातल्या १०४ कॅलरींनी हे झालं. आपल्याकडे शाळेच्या डब्यासोबत सरबताचा टेट्रापॅक देणाऱ्या आईवडिलांना तो फळांचा वाटतो, म्हणून त्यांनी मागचा बारीक मजकूर एकदा उजेडात धरून वाचावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. चित्र आंब्याचं असतं. घटकांच्या यादीत पाण्यानंतर किंवा गरानंतर लगेच साखर येते. ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकार तर अन्नसुरक्षेच्या कायद्यात कुठे व्याख्याच केलेला नाही, आणि म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखाली ठेवू नका असं कळवलं.

किती उतरेल, याबद्दलही खरं सांगितलं पाहिजे. रोज शंभर कॅलरी कमी केल्या तर वर्षाला पाच किलो, असं गणित सर्रास मांडलं जातं. वजन उतरत जाताना शरीर मात्र खर्चही कमी करतं. नव्या मोजणीनुसार पहिल्या वर्षात दोनेक किलो आणि पुढच्या दोन वर्षांत साधारण तितकंच. आकडा लहान वाटेल. पण तो उपाशी न राहता मिळतो, आणि उपाशी राहून उतरवलेलं वजन टिकवणं किती अवघड असतं हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

हे सगळं खुर्चीत बसून काम करणाऱ्यांसाठी आहे, हेही स्पष्ट लिहिते. पहाटे फडात उतरून उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या माणसासाठी गोडमिट्ट चहा ही स्वस्तातली शिदोरी आहे. त्याला कुणी साखरेचं प्रवचन देऊ नये.

बिनसाखरेच्या डाएट पेयांचं काय? नेदरलँड्सच्या प्रयोगात ती उपयोगी पडली. तरी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजनासाठी अशा गोडव्यांवर दीर्घकाळ विसंबू नये असं सुचवलं. मला ती उतरायची पायरी म्हणून मान्य आहेत, मुक्काम म्हणून नाहीत, कारण जिभेची गोडाची सवय ती तशीच राखतात. आणि ती सवय हलते. चहातली साखर दोनवरून दीडवर, महिन्याने एकवर आणली की जुना चहा पाकासारखा लागायला लागतो. शिवाय आपल्याकडे ताक आहे, हिंग-जिरं-मीठ घातलेलं. साखर न घालता मीठ-जिऱ्याचं कोकम आहे. शहाळं आहे, ज्याच्या पाण्यात शंभर मिलीला वीसेक कॅलरीच असतात. दारूचा हिशोब थोडक्यात: साठ मिलीच्या पेगमध्ये दीडशेच्या आसपास कॅलरी, आणि वरून ओतलेलं कोल्ड्रिंक वेगळं.

शेवटची अडचण पोटाची नाही, पाहुणचाराची आहे. चहाला नाही म्हटलं तर यजमान दुखावतो, आणि बिनसाखरेचा मागितला तर लगेच काळजीच्या सुरात “शुगर निघाली का?” असं विचारलं जातं. पाहुण्याने दर घरी खुलासे देत बसण्यापेक्षा हे यजमानाने हाती घेतलेलं सोपं. चहा साखर न घालता उकळावा, आणि ट्रेमध्ये कपांच्या शेजारी साखरेची वाटी न् चमचा ठेवावा. ज्याला दोन चमचे हवेत त्याने दोन घ्यावेत, पण आपल्या हाताने, बघून.